लोकलेखा समिती व महालेखापरीक्षक : संबंध आणि संघर्ष

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक (कॅग) सरकारी खर्च तपासतात आणि संसदेची लोकलेखा समिती त्यांच्या अहवालांवरून अधिकाऱ्यांना जाब विचारते. साक्षीच्या वेळी कोणते प्रश्न काढावेत याचे टिपणही कॅगचे कार्यालय समितीला पुरवते. त्यामुळे कॅगला समितीचा मित्र व मार्गदर्शक म्हणण्याची प्रथा आहे. ताण निर्माण होतो तो याच जवळिकीतून.

समिती १९२१ मध्ये, माँटेग्यू–चेम्सफर्ड सुधारणांनंतर, स्थापन झाली. १९५० पर्यंत तिचे अध्यक्षपद अर्थखात्याच्या प्रमुखाकडेच असल्याने तो काळ खऱ्या संसदीय देखरेखीचा मानता येत नाही. अध्यक्ष विरोधी पक्षाचा असावा, हा संकेत १९६७ पासूनचा. सध्या तिचे २२ सदस्य असतात : १५ लोकसभेचे, ७ राज्यसभेचे.

कॅग हा संसदेचा अधिकारी आहे का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ब्रिटनमध्ये १९८३ च्या कायद्याने त्याला कॉमन्स सभागृहाचा अधिकारी ठरवले. भारतीय संविधानात तसे कलम नाही. अनुच्छेद १४८ प्रमाणे त्याची नेमणूक राष्ट्रपती करतात, त्याला पदावरून दूर करण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखीच आहे, आणि अनुच्छेद १५१ नुसार अहवाल राष्ट्रपतींमार्फतच सभागृहांपुढे येतो. तेव्हा तो संसदेचा साहाय्यक आहे, ताबेदार नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. डॉ. आंबेडकरांनीही १९४९ मध्ये संविधान सभेत या पदाचे महत्त्व न्यायसंस्थेहूनही मोठे सांगितले होते.

सर्वांत तीव्र संघर्ष टूजी स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइल सेवेसाठी लागणाऱ्या रेडिओलहरींच्या वाटपाच्या, प्रकरणात झाला. विनोद राय कॅग असताना नोव्हेंबर २०१० मध्ये सादर झालेल्या अहवालात अनुमानित तोट्याचे चार आकडे होते; सर्वांत मोठा १,७६,६४५ कोटी रुपयांचा आणि सर्वांत लहान ५७,६६६ कोटींचा. चर्चेत टिकला तो मोठाच. मुरली मनोहर जोशी अध्यक्ष असलेल्या लोकलेखा समितीच्या या प्रकरणावरील अहवालाचा मसुदा २८ एप्रिल २०११ रोजी फुटीत सापडला : अध्यक्ष बैठक तहकूब करून निघून गेल्यावर सैफुद्दीन सोझ यांना अध्यक्ष करून २१ पैकी ११ सदस्यांनी तो फेटाळला. लोकसभा अध्यक्षा मीरा कुमार यांनीही तो परत पाठवला. पी. सी. चाको यांच्या संयुक्त संसदीय समितीने तर कॅगची आकडेमोडच अमान्य केली. या साऱ्यात लेखापरीक्षणाच्या पद्धतीचा खरा, महत्त्वाचा प्रश्न पक्षीय मतदानाखाली दबला, ही मोठी हानी होय.

राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीच्या प्रकरणातील तिढा वेगळा. कॅगचा अहवाल लोकलेखा समितीने तपासल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या १४ डिसेंबर २०१८ च्या निकालात आले. समितीचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खरगे यांनी असा अहवाल आपल्याकडे आलाच नसल्याचे सांगितले. न्यायालयाला दिलेल्या आपल्या टिपणातील ‘तपासला जातो’ हे कार्यपद्धतीचे वर्णन ‘तपासला गेला’ असे वाचले गेले, असा खुलासा सरकारने केला. अहवाल पटलावर आला १३ फेब्रुवारी २०१९ रोजी; सोळाव्या लोकसभेची अखेरची बैठक त्याच दिवशी झाली.