खिशातली बॅटरी आणि तीस सेकंदांचा हिशोब

ठाण्यात स्टेशनजवळच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘एक बॅटरी द्या’ म्हटलं की हल्ली दुकानदार उलटा प्रश्न करतो, ‘सेल हवेत की टॉर्च?’ आमच्या आजोबांच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. बॅटरी म्हणजे हातात धरायचा दिवा आणि तिच्या पोटात घालतात ते सेल, इतकं ते साधं होतं. चोरबत्ती हा जुना शब्द, विजेरी छापील मजकुरातली, टॉर्च मागाहून बोलण्यात रुळला. पण गावी आजही रात्री परसात जाताना माणूस बॅटरीच मागतो. दिवा आणि सेल वेगवेगळे विकले जात होते तोवर या गोंधळाने कुणाचं काही बिघडत नव्हतं. पुढे दोन्ही एकाच अॅल्युमिनियमच्या नळीत कायमचे बंद झाले आणि ‘बॅटरी गेली’ या वाक्याचा अर्थच फिरला. पूर्वी बॅटरी गेली की दोन सेल आणायचे. आता बॅटरी गेली म्हणजे बॅटरीच गेली.

फार मागे जाण्यात हशील नाही. कोरडा सेल १८८० च्या दशकातला आणि नळीच्या आकाराच्या हातदिव्याचं अमेरिकी पेटंट जानेवारी १८९९ चं. त्या वेळचे सेल इतके दुबळे की दिवा सलग लावला तर मान टाकायचा. क्षणभर लावायचा, सोडायचा, पुन्हा लावायचा. इंग्रजीतलं ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्या लुकलुकण्यावरून पडलं. टंग्स्टनच्या तारेने उजेड सुधारला आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं मूळ रचना फारशी हलली नाही. आपल्याकडची तीन सेलची चकचकीत बॅटरी त्याच घराण्यातली. तिच्या सरकपट्टीजवळ दाबून धरेपर्यंतच उजेड देणारं बटण असायचं; सेल वाचवायचे तर तेच वापरायचं. (देशात तेव्हा या बॅटऱ्या आणि सेल सर्वाधिक विकणारी कंपनी तीच, जिच्या भोपाळच्या कारखान्यातून डिसेंबर १९८४ मध्ये विषारी वायू सुटला. घराघरात फडताळावर तिचा शिक्का होता, आणि बातमी वाचताना अनेकांना हे माहीतही नव्हतं.)

ठाणे आणि नवी मुंबईत ही वस्तू खऱ्या अर्थाने कामाला जुंपली गेली ती भारनियमनाच्या वर्षांत. मुंबई शहराला वीज देणाऱ्या कंपन्या वेगळ्या. खाडीच्या अल्याडपल्याडचे आम्ही राज्याच्या कंपनीकडे, आणि मुंबई महापालिकेच्या हद्दीत असूनही मुलुंड-भांडुपवाले आमच्याच रांगेत. ज्या भागात गळती जास्त, त्या भागाला अंधार जास्त असा नियम होता. वेळापत्रक मीटरच्या पेटीवर चिकटवलेलं असे. पण तेव्हाची बॅटरी घराची होती, माणसाची नव्हे. ती फ्रिजवर किंवा देवघराशेजारी ठरलेल्या जागी असायची आणि कुणी ती उचलून दुसरीकडे ठेवली की रात्री आठ वाजता घरात भांडण व्हायचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ठिकठिकाणी वीज बंद करावी लागली आणि माणसं गुडघाभर पाण्यातून रात्रभर चालत घरी आली. त्यांच्यातल्या बहुतेकांची बॅटरी घरी फ्रिजवर होती.

याच सुमाराला खिशात उजेड आला, पण फोनच्या पाठीवर बसून. २००३ मध्ये बाजारात आलेल्या नोकिया ११०० या ठोकळ्यासारख्या फोनच्या माथ्यावर छोटा दिवा होता आणि जगभर त्याचे वीस कोटींहून जास्त नग खपले. पुढे प्रत्येकच फोनला दिवा आला, आणि मग वेगळी बॅटरी कशाला बाळगायची, हा प्रश्न रास्तच होता. आमच्याकडे त्याचं उत्तर मिळालं १२ ऑक्टोबर २०२० ला. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. भर सकाळ, तेव्हा अंधाराचा काय प्रश्न, असं वाटेल. पण घोडबंदर रोडच्या उंच इमारतींचे जिने बंदिस्त, त्यांना खिडकी नाही. लोक फोनच्या उजेडात चौदा-पंधरा मजले उतरले आणि खाली पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता दिवसभर निरोप द्यायला-घ्यायला चार्जिंग उरलेलं नाही. माझ्या ओळखीतल्या तिघांनी त्या महिन्यात पहिल्यांदा स्वतंत्र टॉर्च घेतली.

त्यांनी जी घेतली ती भारनियमनाच्या काळातली बॅटरी नव्हे. मधल्या वर्षांत दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. पहिली पांढरा एलईडी. तेजस्वी निळा एलईडी १९९३ मधला, त्यावर पिवळा लेप देऊन पांढरा उजेड मिळाला तो १९९६ मध्ये. निळ्यावर मूळ काम करणाऱ्यांना २०१४ मध्ये नोबेल मिळालं. सुरुवातीचे दिवे फिकट निळसर, चेहऱ्यावर टाकले तर माणूस आजारी दिसायचा. २००६ च्या आसपास त्यांची ताकद एकदम वाढली. दुसरी गोष्ट लिथियम-आयन सेल, १९९१ पासून विक्रीत. लॅपटॉपमध्ये वापरला जाणारा १८६५० आकाराचा सेल टॉर्चमध्ये शिरला. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून तो आकडा. आता तळहाताएवढ्या नळीतून असा उजेड पडू लागला, जो आधी स्कूटरच्या हेडलाइटलाही जमत नव्हता.

आणि मग आकड्यांची लढाई सुरू झाली. आज कुणीही टॉर्च निवडताना ज्या आकड्यांवर अडतो, त्यांचं मूळ २००९ मधल्या एका निर्णयात आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. त्याआधी खोक्यावर काय लिहायचं याला धरबंद नव्हता. दहा लाख मेणबत्त्यांची ताकद असं बिनदिक्कत छापलं जायचं. अमेरिकेत टॉर्च बनवणाऱ्यांनीच एकत्र येऊन मोजणीची पद्धत ठरवली. एकूण उजेड लुमेनमध्ये, झोताची तीव्रता कॅन्डेलामध्ये, किती वेळ चालते, किती लांब पोचते, एक मीटरवरून पडली तर टिकते का, पाण्यात काय होतं, अशी खोक्यावरची छोटी चिन्हं तेव्हापासूनची. हे काम चांगलं झालं, यात शंका नाही. आज दोन वेगळ्या कंपन्यांची खोकी शेजारी ठेवून बघता येतात ती त्यामुळेच.

खोच दोन कलमांत आहे. उजेड मोजायचा तो टॉर्च लावल्यापासून तीस सेकंदांनी, फार तर दोन मिनिटांच्या आत. आणि ‘चालण्याचा वेळ’ संपला असं धरायचं तो उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर आला म्हणजे. त्या वेळी यात गैर काही नव्हतं. खिशातले दिवे तेव्हा शेदोनशे लुमेनचे. ते फार तापत नसत आणि सेल उतरेल तसे हळूहळू मंद होत. तीस सेकंदांत नव्या सेलचा पहिला जोर ओसरायचा, म्हणून तेवढं थांबायचं. पुढे उजेड हजाराच्या घरात गेला. बोटाएवढ्या नळीत हजार लुमेनची उष्णता जिरवायला जागाच नसते, त्यामुळे आतलं सर्किट मिनिट-दोन मिनिटांत दिवा आपणहून मंद करतं. नियमाच्या पट्टीवर मात्र हजार लुमेन हे तिसाव्या सेकंदाला खरेच असतात. आणि नंतरचे दोन तास दीडशे लुमेनवर काढले तरी ती वेळ मोजणीत धरली जाते, कारण दीडशे म्हणजे एक दशांशाच्या वरच. मग खोक्यावर छापलं जातं ‘१००० लुमेन, अडीच तास’. दोन्ही आकडे खरे असतात, पण शेजारी शेजारी वाचले की गिऱ्हाईक फसतं.

गेल्या मे महिन्यात मी घरच्या बाथरूममध्ये हे करून पाहिलं. टॉर्च बादलीवर उभी, झोत छताकडे, खाली फोनमध्ये उजेड मोजायचं फुकटचं ॲप. अशा मोजणीच्या आकड्याला काडीची किंमत नसते. बघायची ती उतरंड. दुसरं मिनिट संपायच्या आत आकडा घसरायला लागला आणि पाचव्या मिनिटाला तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली जाऊन तिथे ठाण मांडून बसला. डोळ्यांना मात्र बिलकुल कळलं नाही. उजेड दुप्पट वाटायला प्रत्यक्षात जवळपास चौपट लागतो, आणि हाच नियम उतरतानाही लागू. मी बायकोला हाक मारून विचारलं, ‘मंद झाला का गं?’ ती म्हणाली, ‘बादली कधी मोकळी होणार?’

नियमाची बाजू घेणारे म्हणतात, उतरंडीचा आलेख छापा, म्हणजे तक्रार मिटेल. आणि काही प्रामाणिक कंपन्या तो छापतातही. २०१६ आणि २०१९ मध्ये नियमात दुरुस्त्या झाल्या, पण तीस सेकंद आणि एक दशांश जागच्या जागी राहिले. माझं मत विचाराल तर पाच मिनिटांनंतरचा आकडा सक्तीचा करायला हवा होता. तो छापला तर बाजारातल्या निम्म्या खोक्यांचं पितळ उघडं पडेल, म्हणूनच तो छापला जात नाही, असा माझा संशय आहे. अंतराच्या आकड्याचंही थोडं तसंच. झोत दोनशे मीटर म्हणजे दोनशे मीटरवर पाव लक्स उजेड, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. येऊरच्या जंगलातल्या काळोखात त्याला अर्थ आहे. पाम बीच रोडवर रस्त्याच्या दिव्यांखाली तो दिसणारही नाही.

राहता राहिला सेल, ज्यापासून आपण निघालो. रोज खिशात ठेवायच्या टॉर्चचे आज दोन पंथ आहेत. एक पेन्सिल सेलवर चालणारी, दुसरी सेल आतच बंद केलेली, बुडाशी चार्जिंगचं भोक असलेली. दुसरी देखणी, हलकी, जास्त प्रखर. पण लिथियम सेल वापरात नसला तरी म्हातारा होतोच. तीन-चार वर्षांनी त्याचा जीव गेला की उत्तम एलईडीसकट सगळी नळी कचऱ्यात. ट्रेकवाल्यांमध्ये पहिल्या पंथाचा हट्ट अजून टिकून आहे. शेवटची कसारा लोकल धरून रात्री डोंगर चढायला निघालेल्याला पायथ्याच्या टपरीवर पेन्सिल सेल मिळतो, चार्जिंगला प्लग मिळेलच असं नाही. घरी चार्ज करून वापरायचे १.२ व्होल्टचे सेल त्यात चालतात, सहसा गळून स्प्रिंग हिरवी करत नाहीत, आणि २००५ नंतरच्या सुधारित सेलांत वर्षभर पडून राहूनही बरीच धुगधुगी उरते.

इथे एक सापळा मात्र आहे. १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल, पण व्होल्टेज दीडच्या जागी ३.७. काही टॉर्च दोन्ही पचवतात, बाकीच्यांचा एलईडी पहिल्याच दाबाला जळू शकतो. गल्लीतल्या दुकानात दोन्ही एकाच बरणीत पडलेले पाहिले आहेत. १८६५० च्या वेष्टनावर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) असं छापलेलं दिसलं तर तो सेल परत द्यावा. त्या आकारात चांगल्यातल्या चांगल्या सेलची धाव साधारण ३५०० ते ४००० पर्यंतच.

युरोपात २०२३ च्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून हातातल्या उपकरणांतला सेल वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आला पाहिजे, काही अपवाद सोडून. कारखाने दोन बाजारांसाठी दोन साचे ठेवायला सहसा तयार नसतात, तेव्हा त्यातलं काही इथवर झिरपेल. तोवर दुकानदाराने ‘सेल हवेत की टॉर्च’ विचारलं की मी दोन्ही वेगवेगळे मागतो, आणि तो माझ्याकडे आजोबांकडे बघावं तसा बघतो.