कन्नड कागद फोनने वाचताना

उताऱ्यावरचे क्षेत्र, सोसायटीच्या नोटिशीतली तारीख, लाइट बिलाखालची बारीक सूचना. खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यांतल्या मराठी घरांत असे कन्नड कागद येतच असतात. पूर्वी ते वाचून घ्यायला गल्लीतल्या कन्नड येणाऱ्याला गाठावे लागे. हल्ली फोनचा कॅमेरा पुढे धरला जातो. गूगल लेन्स किंवा गूगल ट्रान्सलेट उघडले की कन्नड ओळींच्या जागी मराठी ओळी दिसू लागतात. सोय झाली यात शंका नाही. पण या मराठी ओळींवर कुठे विसंबायचे आणि कुठे नाही, हे कळायला आत काय घडते ते पाहावे लागते.

फोन इथे दोन वेगळी कामे करतो. पहिले काम अक्षरे ओळखण्याचे: फोटोतल्या काळ्या रेघांतून हे ‘क’, हे ‘ळ’ असे ठरवायचे. दुसरे काम भाषांतराचे: ओळखलेल्या कन्नड वाक्याचे मराठी करायचे. दोन्ही कामांत चुका होतात, पण त्या वेगवेगळ्या जातीच्या असतात. पडद्यावर फक्त शेवटचे मराठी दिसत असल्याने चूक कुठल्या पायरीवर झाली ते समजत नाही. म्हणून महत्त्वाचा कागद असेल तर दोन्ही कामे सुटी सुटी करून घ्यावीत.

लेन्समध्ये फोटो उघडून थेट ‘ट्रान्सलेट’ दाबू नका. आधी मजकूर निवडा, ‘कॉपी’ करा आणि तो कन्नड मजकूर ट्रान्सलेट अ‍ॅपमध्ये चिकटवा. मूळ भाषा ‘आपोआप ओळखा’ वर न ठेवता ‘कन्नड’ अशी हाताने निवडा. कन्नड आणि तेलुगू लिप्या दिसायला इतक्या जवळच्या आहेत की दोन-चार शब्दांची पाटी किंवा शिक्का असेल तर यंत्र तेलुगू समजून बसू शकते. दोन्ही भाषा आधीच डाउनलोड करून ठेवल्या तर टाइप केलेल्या मजकुराचे भाषांतर नेट नसतानाही होते. कॅमेऱ्याने कन्नड वाचायचे असेल तेव्हा मात्र नेट चालू असलेले बरे.

आता पहिली पायरी. कन्नड अक्षरांना शिरोरेघ नाही, आणि जोडाक्षरातले दुसरे व्यंजन ओळीच्या खाली लहान आकारात लिहितात. त्याला ओत्तक्षर म्हणतात. ‘अण्ण’ मधला दुसरा ण, ‘तम्म’ मधला दुसरा म असा खाली लोंबतो. ओळी दाट असतील किंवा फोटो पुसट असेल तर पहिला बळी या ओत्तक्षराचा जातो. कधी ते गळते, कधी खालच्या ओळीतल्या अक्षराला चिकटते.

किती पुसट म्हणजे पुसट, याचा हिशेब करता येतो. ए-फोर कागद २९.७ सेंटीमीटर उंच असतो. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू साधारण ४००० पिक्सेल असते. कागद फोटोत पूर्ण भरला तर एका सेंटीमीटरला सुमारे १३५ पिक्सेल मिळतात. म्हणजे ३ मिलीमीटर उंचीच्या अक्षराला ४० आणि त्याखालच्या दीड मिलीमीटरच्या ओत्तक्षराला २०. हाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या दर्जात पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास येते. अक्षराला १६ उरतात आणि ओत्तक्षराला ८. गूगल ड्राइव्हच्या मदत-पानावर अक्षर निदान १० पिक्सेल उंच असावे असे सांगितले आहे. बहिणीने बेळगावहून पाठवलेल्या नोटिशीचे भाषांतर असंबद्ध का येते, याचे उत्तर बहुतेक वेळा एवढेच असते. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, किंवा निदान एचडी निवडायला. कागद खिडकीजवळ सपाट ठेवायचा, फ्लॅश बंद करायचा, फोन कागदाला समांतर धरायचा. मोठा कागद एका फोटोत कोंबण्यापेक्षा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन फोटो घ्यावेत.

कन्नडमध्ये द आणि ध, ड आणि ढ, ब आणि भ यांच्यात फरक असतो तो खालच्या एका छोट्या चिरेचा. प, फ आणि ष यांचीही तीच गत. तरी छापील शब्द बहुधा बरोबर वाचले जातात, कारण यंत्र अक्षर एकटे पाहत नाही. आजूबाजूची अक्षरे पाहून, इथे कोणता शब्द शक्य आहे याचा अंदाज बांधते. ‘दिनांक’ मधला द पुसट असला तरी ‘धिनांक’ असा शब्द नसल्याने ते सावरते.

पण आकडे आणि नावे यांना असा आधारच नसतो. सर्व्हे नंबर ६२ असेल किंवा ९२, दोन्ही सारखेच शक्य. म्हणून सगळ्यात महत्त्वाचा मजकूर नेमका सगळ्यात कच्च्या पायावर उभा असतो. संगणकी उताऱ्यावर आकडे इंग्रजी असतात तेव्हा धोका कमी. जुन्या कागदावर कन्नड अंक असले तर तीन जागी डोळ्यांनी खात्री करा. कन्नड ६ आणि ९ यांत फरक फक्त शेपटीच्या वळणाचा. कन्नड शून्य आणि अनुस्वार दोन्ही गोल वाटोळे. तिसरी जागा फारशी कुणाच्या लक्षात येत नाही: कन्नडमध्ये रफार अक्षराच्या डोक्यावर नसून उजव्या हाताला एक वळणदार खूण म्हणून येतो, आणि ती खूण कन्नड ९ सारखीच दिसते. कर्नाटक, सर्वे, अर्जी, मार्च या सगळ्या शब्दांत ती आहे. त्यामुळे शब्दाला चिकटून आलेला ९ हा बहुधा आकडा नसतोच.

एक वेगळीच अडचण पीडीएफची. काही कन्नड पीडीएफमधला मजकूर कॉपी करून चिकटवला की रोमन अक्षरे आणि स्वरचिन्हांचा कचरा पडतो. फाइल बिघडलेली नसते. ती ‘नुडि’ किंवा ‘बरह’ यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेली असते, जिथे संगणकाच्या लेखी अक्षरे रोमनच असतात आणि फाँट त्यांना कन्नड रूप देतो. कृतिदेव किंवा शिवाजी फाँटमध्ये काम केलेल्या मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. अशा वेळी मजकूर कॉपी करण्याच्या नादी न लागता पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो लेन्सला द्यावा. संगणक असेल तर फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून तो गूगल डॉक्समध्ये उघडला तरी फोटोखाली मजकूर मिळतो. फाइल २ एमबीच्या आत ठेवायची.

कन्नड मजकूर हाती आला की भाषांतराआधी त्याचे देवनागरी करून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे काम यंत्राला फार सोपे आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. देवनागरी ‘क’ चा २३२५, कन्नड ‘क’ चा ३२२१. देवनागरी ‘ळ’ चा २३५५, कन्नड ‘ळ’ चा ३२५१. दोन्हीकडे फरक ८९६. भारतीय लिप्यांचे तक्ते युनिकोडने ‘इस्की’ या भारतीय मानकावरून एकाच क्रमाने मांडले, म्हणून जवळजवळ सगळी मुळाक्षरे, काना-मात्रा आणि अंक ८९६ च्याच अंतरावर आहेत. क्रमांकातून ८९६ वजा केले की कन्नडचे देवनागरी झाले. इथे अंदाज नाही, त्यामुळे चूकही नाही. ‘अक्षरमुख’ हे फुकट संकेतस्थळ हे काम करते: एका चौकटीत कन्नड टाका, दुसरीकडे देवनागरी निवडा.

आणि बेळगाव भागात याचा फायदा इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त होतो. कारण महसुली कन्नड आणि महसुली मराठी यांचे घराणे एक आहे. खाते, हिस्सा, गुंठे, तालूकु, दिनांक, सही, बाकी, तकरारु, खराब, मोजणी हे सगळे देवनागरीत आले की सीमाभागातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. उलट भाषांतराच्या यंत्राला हेच शब्द नडतात. ‘खराब’ हा लागवडीस अयोग्य किंवा सार्वजनिक वापरासाठी राखलेल्या क्षेत्राचा रकाना आहे हे त्याला ठाऊक नसले तर ते ‘वाईट’ म्हणून मोकळे होते. नावांचेही तसेच. हिरेबागेवाडीतल्या ‘हिरे’ चा अर्थ थोरली असा. यंत्राने गावाच्या नावाचे भाषांतर केले तर गाव ओळखू येणार नाही. जुन्या कागदांतले ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, हे जुन्या मराठी कागदांतही असेच लिहीत. यंत्राला ते उमगेलच असे नाही.

लिपी बदलून वाचताना फसवणारे काही शब्द मात्र पाठच करून ठेवावेत. ‘साल’ म्हणजे वर्ष नव्हे, कर्ज. त्याच्या जोडीने येणारे ‘बड्डि’ म्हणजे व्याज, ‘कंतु’ म्हणजे हप्ता. ‘विळास’ म्हणजे पत्ता. ‘अवसर’ म्हणजे घाई, ‘अनुमान’ म्हणजे संशय. ‘तंदे’ वडील, ‘गंड’ नवरा, ‘हेसरु’ नाव, ‘कोनेय दिनांक’ शेवटची तारीख. सोसायटीची आणि बँकेची निम्मी नोटीस एवढ्यावर उलगडते.

वाक्ये समजायला मात्र भाषांतरच लागते. गूगलने कन्नड २०११ मध्ये आणि मराठी २०१३ मध्ये घेतली. २०१७ मध्ये दोन्ही भाषांना न्यूरल पद्धत (तुकड्यांऐवजी अख्खे वाक्य एकदम पाहणारी) लागू झाली ती इंग्रजीशी जोडूनच, कारण यंत्राला शिकवायला कन्नड-इंग्रजी वाक्यांच्या जोड्या भरपूर मिळतात, कन्नड-मराठीच्या फार थोड्या. इंग्रजीचा असा वळसा पडला की काही फरक वाटेतच गळतात. कन्नडमध्ये थोरला भाऊ ‘अण्ण’, धाकटा ‘तम्म’. इंग्रजीत दोघांना एकच शब्द, मराठीत परत येताना दोघेही नुसते ‘भाऊ’. वारसा नोंदीच्या कागदात हा फरक कुणाला क्षुल्लक वाटणार नाही. मद्रास आयआयटीतल्या एआयफॉरभारत गटाने २०२३ मध्ये खुली केलेली ‘इंडिकट्रान्स२’ ही प्रणाली २२ अनुसूचित भाषांसाठी आहे आणि ती भारतीय भाषांतून परस्परही भाषांतर करते. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ प्रकल्पही याच कामासाठी आहे. एकच वाक्य दोन ठिकाणी घालून पाहावे. दोन्ही मराठी वाक्ये जिथे जुळत नाहीत, तिथे मूळ कागद कुणा जाणत्याला दाखवावा.

सरकारी कन्नडात एक शेपूट तर फारच जपून पाहण्यासारखे आहे. ‘माडतक्कद्दु’ म्हणजे करावे. ‘माडतक्कद्दल्ल’ म्हणजे करू नये. सगळा नकार शेवटच्या ‘अल्ल’ मध्ये. कागदाची घडी नेमकी तिथे पडली, फोटोची कड तिथे कापली गेली, किंवा लांब शब्द ओळीच्या शेवटी तुटून उरलेला तुकडा खालच्या ओळीत गेला, तर मनाईचा हुकूम परवानगी होऊन समोर येऊ शकतो. म्हणून नोटिशीत वाक्याचा शेवट देवनागरीत स्वतः वाचा: ‘अल्ल’, ‘इल्ल’, ‘बारदु’, ‘कूडदु’ यांपैकी काही दिसले की नकार आहे.

उताऱ्यावरच्या क्षेत्राबद्दल यंत्राला विचारूच नये. कर्नाटकात ‘भूमी’ या संगणकी जमीन-नोंदींच्या प्रकल्पातून मिळणाऱ्या पहाणीवर, म्हणजे तिथल्या सातबारासारख्या उताऱ्यावर, क्षेत्र २.१५.०० असे छापलेले असते. हे दशांश नाहीत: २ एकर १५ गुंठे. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे दशांशात हेच २.३७५ एकर होते. चॅटबॉटला फोटो देऊन ‘हेक्टरमध्ये सांग’ म्हटले आणि त्याने २.१५ एकर धरून गुणाकार केला, तर साधारण ९ गुंठे जमीन कागदावरून गायब होते. बरोबर उत्तर ९५ गुंठे, म्हणजे सुमारे ९६ आर (०.९६ हेक्टर).

चॅटबॉट फोटो चांगले वाचतात, पण त्यांची खोड वेगळी आहे. न दिसलेले अक्षर ते रिकामे सोडत नाहीत; शोभेल असे काहीतरी भरतात आणि वाक्य इतके सफाईदार लिहितात की संशयच येत नाही. त्यांना ‘याचा अर्थ सांग’ असे न विचारता ‘प्रत्येक ओळ जशीच्या तशी देवनागरीत लिही, जे वाचता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह घाल’ असे सांगावे. मग अर्थ. आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि सही यांवर फोटो काढण्याआधी कोऱ्या कागदाची पट्टी ठेवावी. अनोळखी फुकट संकेतस्थळावर तर नक्कीच.

हाताने लिहिलेल्या जुन्या पहाणीपुढे यातले फारसे काही टिकत नाही. तिथे आकडे तेवढे मोठे करून पाहायला कॅमेऱ्याचा उपयोग. मुंबई इलाख्याच्या काळातला कागद मोडीत असेल तर लेन्सच्या मागे लागू नका. मोडीला युनिकोडमध्ये जागा २०१४ मध्ये मिळाली, पण ती टाइप करण्यापुरती. लपेटीदार हस्ताक्षर वाचायला मोडी जाणणारा माणूसच शोधावा लागतो.