झेडपी प्रशालेचा निकाल बघायच्या आधी : मराठवाड्यातल्या सरकारी हायस्कुलांची पार्श्वभूमी

दहावीचा निकाल लागला की दोन दिवसांत आमच्या तालुक्याची यादी मोबाईलवर फिरायला लागते. शाळेचं नाव, बसलेले, पास, टक्केवारी, एवढंच असतं त्यात. वरती खाजगी शिक्षण संस्थांच्या शाळा शंभर टक्केवाल्या, आणि आमची जिल्हा परिषद प्रशाला, म्हणजे झेडपीचं हायस्कूल, कुठेतरी मधे नाहीतर खाली. मग कुणीतरी लिहितंच की झेडपीच्या शाळा संपल्या आता. मी तिथेच शिकलो, वडील तिथेच मॅट्रिक झाले आणि आजोबाही त्याच दगडी इमारतीत शिकले, त्यामुळे ते वाक्य वाचलं की मला गप्प बसवत नाही. ही शाळा कुठून आली, तिथे काय काय शिकवलं जायचं आणि ते का थांबलं, हे माहीत असल्याशिवाय त्या टक्केवारीचा अर्थच लागत नाही, म्हणून जरा मागून सांगतो.

मुळात झेडपीचं हायस्कूल हा प्रकार पुण्या-साताऱ्याकडच्या लोकांना फारसा ओळखीचा नाही. तिकडे गावातलं हायस्कूल म्हणजे संस्थेचं, अनुदानित. त्याचं कारण बरंच जुनं आहे. 1882 च्या हंटर कमिशनने इंग्रज सरकारला सांगितलं की माध्यमिक शिक्षणातून हळूहळू अंग काढून घ्या, जिल्ह्याला एखादं नमुन्याचं सरकारी हायस्कूल ठेवा आणि बाकीचं काम खाजगी लोकांना ग्रँट देऊन त्यांच्याकडून करून घ्या. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल 1880 लाच निघालं होतं, पुढे 1919 ला कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि हायस्कूल काढायचं तर संस्थेनेच ही रीत तिकडे पक्की झाली.

मराठवाडा मात्र निजामाच्या राज्यात. इथे शाळा म्हणजे सरकारी मदरसा, त्याच्या तीन पायऱ्या : तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे मधली आणि फौकानिया म्हणजे हायस्कूल. वरचं शिक्षण उर्दूतून. उस्मानिया विद्यापीठच उर्दू माध्यमाचं होतं, 1918 ला सुरू झालेलं, मग खालच्या शाळाही त्याच धर्तीवर. आमचे आजोबा घरी मराठी बोलायचे, पोथी मराठीतून वाचायचे, पण हिशोब करताना आकडे तोंडातल्या तोंडात उर्दूत पुटपुटायचे, शेवटपर्यंत. विचार करा, कुणब्याचं पोर, घरात आधी कुणी शाळेत गेलेलं नाही, आणि भूगोल-गणित परक्या भाषेत. वस्तानियापर्यंत पोचणारेच थोडे, फौकानिया पास होणारा तर अख्ख्या गावात एखादा. आज ज्याला आपण निकालाची टक्केवारी म्हणतो ती तेव्हा काढली असती तरी काय कळलं असतं, मुळात परीक्षेपर्यंत पोचतच कोण होतं?

म्हणूनच तिथे मराठी शाळा काढणं हेच राजकारण झालं. औरंगाबादची सरस्वती भुवन, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी, ही नावं आमच्याकडे निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाच्या इतिहासातच येतात. या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ हे आधी शिक्षक, हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईला. गोविंदभाई श्रॉफही औरंगाबादला सरकारी शाळेत शिकवायचे, नोकरी सोडून चळवळीत आले. 1938 च्या वंदे मातरम् आंदोलनात औरंगाबादच्या आणि उस्मानियाच्या कितीतरी पोरांना कॉलेजातून काढलं, त्यातल्या बऱ्याच जणांना नागपूर विद्यापीठाने घेतलं. मराठवाड्यात शाळेबद्दल जो जिव्हाळा आहे तो इथून आलाय असं मला मनापासून वाटतं.

सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. या मधल्या आणि लगेच नंतरच्या काळात सरकारी हायस्कुलांचं रूपच पालटलं. उर्दू गेली, मराठी माध्यम आलं, आणि त्याच सुमारास आलं मल्टिपर्पज. 1952-53 चं मुदलियार कमिशन होतं, त्याचं म्हणणं असं की सगळीच पोरं कॉलेजला जाणार नाहीत, तर हायस्कुलातच वेगवेगळ्या वाटा ठेवा, विज्ञान, कॉमर्स, शेती, तांत्रिक, चित्रकला वगैरे, मुलींसाठी गृहविज्ञान. अशा शाळांना मल्टिपर्पज म्हणायचे. नांदेडच्या शाळेच्या नावात तो शब्द अजून आहे, लोकही सरळ मल्टिपर्पज म्हणतात, पण त्याचा अर्थ काय हे आताच्या पोरांना विचारलं तर सांगता येत नाही.

आमच्या प्रशालेच्या मागच्या बाजूला पत्र्याचं एक लांब शेड आहे. वडिलांच्या वेळी ते वर्कशॉप होतं. मी सातवी-आठवीत असताना त्याला कुलूप असायचं आणि आम्ही खिडकीच्या गजातून आत बघायचो : लाकडी टेबलांची रांग, प्रत्येक टेबलाला एक व्हाइस म्हणजे वस्तू घट्ट पकडायचा शिकंजा, कोपऱ्यात बेल्ट तुटलेला लेथ, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या करवतींचे नुसते काळे ठसे, कारण करवती कधीच्या गेल्या होत्या. वडील सांगायचे की आठवड्यातून दोन दिवस दुपारभर त्यांचा तिथे तास असायचा, सुताराचं पोर आणि देशमुखाचं पोर एकाच टेबलावर रंधा मारायचं. त्यांच्या वर्गातले बरेच जण मॅट्रिकला एकदा-दोनदा नापास झाले, आणि तरी कुणी एसटीच्या डेपोत लागलं, कुणी एमएसईबीत, कुणी साखर कारखान्यात, कुणी पिठाची गिरणी टाकली. निकाल कमी होता पण हातात काहीतरी होतं.

1961 च्या कायद्याने 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या आणि निजामी काळापासूनची ही सरकारी हायस्कुलं झेडपीकडे आली. त्यामुळेच मराठवाड्यात प्रशाला हा शब्द घरोघरी, आणि पश्चिम महाराष्ट्रात झेडपी म्हणजे बहुतेक प्राथमिकच.

मग मल्टिपर्पज का बुडालं? एक तर खर्च, मशीन आल्या पण दुरुस्तीला पैसे नाहीत, शिकवणारे इन्स्ट्रक्टर मिळत नाहीत. दुसरं म्हणजे 1964-66 च्या कोठारी आयोगाने दिशाच बदलली, दहावीपर्यंत सगळ्यांना एकच सर्वसाधारण शिक्षण आणि वाटा फुटायच्या त्या नंतर. महाराष्ट्रात 1 जानेवारी 1966 ला राज्य बोर्ड सुरू झालं आणि 1975 ला अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची पहिली एसएससी झाली, 10+2+3 म्हणतात तो पॅटर्न. कोठारींचा विचार चुकीचा नव्हता, पंधरा वर्षांच्या पोराला सुतारकीत टाकलं तर ते पोर बहुतेक सुताराचंच निघतं, हा धोका खराच आहे. पण झालं असं की वाटा वरती सरकल्या, आयटीआयला, एमसीव्हीसीला म्हणजे अकरावी-बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमाला, आणि हायस्कुलात उरला फक्त पेपर. तिथून पुढे शाळा मोजायची ती टक्क्यांनीच.

ऐंशीच्या दशकात लातूरला राजर्षी शाहू कॉलेजात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जास्तीचे तास, सराव परीक्षा, पेपर तपासून पोराला त्याची चूक समोर बसवून दाखवणं, असं पद्धतशीर काम सुरू केलं आणि लातूर पॅटर्न हे नाव राज्यभर झालं. मागास म्हणवल्या जाणाऱ्या भागातली पोरं मेरिट लिस्टमधे आली, डॉक्टर झाली, त्याचा अभिमान आम्हाला आजही आहे. पण तालुक्यातली हुशार पोरं आधी अकरावीला लातूरला, मग आठवीपासूनच तिकडे, आणि त्यात संस्थांनी सेमी इंग्लिश सुरू केलं तसं ज्यांना फी आणि खोलीभाडं परवडतं ते सगळे प्रशालेतून निघून गेले. मागे राहिली शेतमजुरांची, ऊसतोड्यांची पोरं, जी दिवाळीनंतर आई-बापाबरोबर फडावर जातात आणि पाडव्याच्या आसपास परत येतात, म्हणजे बोर्डाची परीक्षा होऊन जाते तेव्हा.

टक्केवारीचंही सांगतो. तो आकडा शाळेपेक्षा नियमाप्रमाणे जास्त हलतो. 2010 च्या सुमारास नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशींनी कॉपीमुक्त अभियान कडक राबवलं आणि जिल्ह्याचा निकाल धाडकन खाली आला, शाळा एका वर्षात बिघडल्या होत्या का? 2018 ला राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के, 2019 ला 77.10, कारण नवा अभ्यासक्रम आणि भाषेच्या तोंडी परीक्षेचे 20 मार्क काढलेले. 2020 ला ते परत दिले, निकाल 95.30. 2021 ला कोरोनामुळे परीक्षाच नाही, 99.95. पोरं तीच, मास्तर तेच. मग एका तालुक्याच्या यादीत आमची प्रशाला 81 वर आणि शेजारची शाळा 100 वर, यावरून कोण कसं शिकवतं हे ठरवायचं कसं? त्या शंभरवाल्या शाळेने नववीत किती जणांना 17 नंबरचा फॉर्म भरायला लावून बाहेरून बसवलं हे यादीत येत नाही, आणि प्रशाला कुणालाच नाही म्हणत नाही हेही येत नाही.

त्यात 2012 ला राज्याने शिक्षकभरती थांबवली. पवित्र पोर्टलवरून पहिली भरती व्हायला 2019 उजाडलं. या मधल्या वर्षांत माणसं रिटायर होत गेली आणि आमच्याकडे गणिताचे सर रिटायर झाल्यावर दोन वर्षं गणित मराठीच्या बाईंनी शिकवलं, रात्री स्वतः उदाहरणं सोडवून सकाळी वर्गात. त्या दोन वर्षांचे टक्के यादीत सगळ्यात खाली आहेत आणि माझ्या मते त्या बाईंनी शाळा वाचवली.

2015-16 पासून नववी-दहावीला व्यवसाय विषय परत आले, त्यातला मल्टिस्किल हा विषय पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 पासून जे काम उभं केलं त्याच्यातून आलेला, वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक-आरोग्य सगळं थोडं थोडं. म्हणजे मुदलियारांची कल्पना साठ वर्षांनी फिरून आली, फरक एवढाच की आता एकच पोरगं सगळं करतं, कुणाला कुठल्या वाटेला टाकत नाहीत. मला हे जास्त पटतं. आमच्या प्रशालेलाही तो विषय मिळालाय. मागच्या शेडचं कुलूप काढलं, लेथ भंगारात गेला पण टेबलं ठेवली, व्हाइसला तेल घातलं तर सातातले पाच फिरले. गेल्या हिवाळ्यात गेलो तेव्हा नववीतली एक पोरगी तिथे काळा चष्मा लावून बाकाच्या मोडक्या पायाला वेल्डिंग मारत होती, आणि तिच्या मागे पाच-सहा जण आपला नंबर कधी येतो म्हणून रांगेत उभे होते.