लाल सीडर आणि पिवळा सीडर: एकाच किनाऱ्यावरची दोन झाडं

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हँकुव्हर शहरातल्या स्टॅनली पार्कमध्ये समुद्राला लागून जे सीडर दिसतात ते लाल सीडर. तिथून लायन्स गेट पूल ओलांडून सायप्रस पार्कच्या वळणावळणांच्या रस्त्यानं वर गेलं, की साधारण 900 मीटर उंचीवर पुन्हा सीडर भेटतात. तशीच चपटी, लोंबती पालवी, तशीच उभ्या पट्ट्यांत सुटणारी साल. फिरायला आलेले बहुतेक जण त्यांनाही लाल सीडरच समजतात. प्रत्यक्षात ते पिवळे सीडर असतात, आणि कोणत्या उतारावर कोणतं रोप लावायचं हे ठरवणाऱ्याला हा फरक पक्का माहीत असावा लागतो.

दोघांचाही हिमालयातल्या देवदाराशी जवळचा संबंध नाही. आपल्याकडे बागांत लावतात आणि मुलं ज्याचं पान विद्या म्हणून वहीत ठेवतात, ती मोरपंखी यांची खरी नातलग. तिघंही सायप्रसच्या कुळातली. मोरपंखीची डहाळी हाताळलेल्या माणसाला यांची पालवी लगेच कळेल: सुया नाहीत, एकावर एक घट्ट बसलेले बारीक खवले.

ओळख पटवायला डहाळी उलटी करून बघावी. लाल सीडरच्या खालच्या बाजूला फुलपाखरासारख्या आकाराच्या पांढुरक्या खुणा दिसतात, पिवळ्याच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्याच हिरव्या. मग डहाळी टोकाकडून देठाकडे उलट्या दिशेनं चोळावी. पिवळ्याचे खवले बोटांना टोचतात, लालचे टोचत नाहीत. चुरगळल्यावर लालला अननसाकडे झुकणारा गोडसर वास येतो, पिवळ्याचा वास उग्र असतो आणि त्याच्या ताज्या लाकडाला चक्क कच्च्या बटाट्याचा वास येतो. शंकू सापडले तर शंकाच उरत नाही: लालचे लांबट आणि जेमतेम सेंटिमीटरभर, पिवळ्याचे गोल आणि प्रत्येक खवल्यावर छोटं टोक असलेले.

या शंकूंमुळे रोपवाटिकेतलं कामही वेगळं होतं. लाल सीडरचं बी एका हंगामात पिकतं आणि इतकं बारीक असतं की एका किलोत 9 लाखांच्या आसपास बिया बसतात. ते सहज रुजतं. पिवळ्याचे शंकू डोंगरावर पिकायला सहसा दोन वर्षं घेतात, त्यातलं पुष्कळ बी पोकळ निघतं, आणि जे भरलेलं असतं तेही लवकर जागं होत नाही. म्हणून ब्रिटिश कोलंबियात (व्हँकुव्हर ज्यात आहे त्या प्रांतात) पिवळ्याची रोपं बऱ्याचदा छाटकलमांपासून करतात.

वाढीच्या बाबतीत लाल सीडरचं सामर्थ्य सावली सोसण्यात आहे. डग्लस फर हा इथला दुसरा सूचिपर्णी वृक्ष उघड्यावर भराभर उंच जातो, लाल सीडर सुरुवातीला मागे पडतो. पण फरच्या छायेत तो दशकानुदशकं जिवंत राहतो आणि वरची झाडं विरळ केली की म्हातारपणीसुद्धा पुन्हा वाढू लागतो. मिश्र लागवडीत त्याला ठेवण्याचं हे एक मोठं कारण. दुसरं कारण जमिनीखाली आहे: मुळं कुजवणाऱ्या ज्या बुरशीमुळे डग्लस फर मरतो, तिला लाल सीडर फारशी दाद देत नाही. शिवाय त्याच्या पाचोळ्यात कॅल्शियम भरपूर असल्यानं जमिनीचा आंबटपणाही कमी होतो. उघड्यावर एकटा वाढला तर मात्र खालच्या फांद्या गळत नाहीत आणि लाकूड गाठाळ होतं, म्हणून तो दाट लावावा लागतो.

व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर टोकाला, पोर्ट मॅकनीलच्या परिसरात, या झाडानं वनअधिकाऱ्यांना मोठं कोडं घातलं होतं. सीडर आणि हेमलॉक (इथलंच आणखी एक सूचिपर्णी झाड) यांचं जुनं रान तोडून नवी रोपं लावली. पहिली काही वर्षं ती छान वाढली आणि मग पिवळी पडून खुंटली. सलाल नावाचं झुडूप तोडीनंतर मुळांपासून पुन्हा फुटून सगळीकडे माजलं होतं आणि जमिनीतलं पोषण आधीच तुटपुंजं होतं. 1980 च्या दशकापासून तिथे पद्धतशीर प्रयोग झाले. नत्र आणि स्फुरद दोन्ही दिल्यावर खुंटलेली रोपं पुन्हा हिरवी होऊन वाढू लागली. खत न दिलेल्या तुकड्यांत हेमलॉकपेक्षा लाल सीडर जास्त तगला. नापीक जमिनीवर त्याच्याइतकं चिवट झाड या किनाऱ्यावर क्वचितच सापडेल.

पिवळा सीडर मुळातच संथ. इतरांना नकोशी पाणथळ, थंड, हाडकुळी जमीन तो घेतो आणि तिथे शतकं काढतो. तोडलेल्या एका खोडावर 1,800 हून अधिक वाढवलयं मोजली गेली आहेत. त्याचं लाकूडही त्यामुळे घट्ट: सुकल्यावर घनमीटरला जवळपास 500 किलो, तर लालचं 370 च्या आसपास. सिअ‍ॅटल-व्हँकुव्हरकडे राहणाऱ्या मराठी घरांच्या मागे जे लाकडी कुंपण असतं ते बहुधा लाल सीडरचं. हलकं, सरळ फाटणारं, आणि अंगच्या रसायनांमुळे न कुजणारं. याच लाकडाच्या भुशातलं प्लिकॅटिक आम्ल करवतीच्या कारखान्यांतल्या कामगारांना दमा देतं, हे मात्र कुंपण विकताना कुणी सांगत नाही. हैदा, त्लिंगित आणि किनाऱ्यावरच्या इतर मूळ रहिवाशांनी तर ही वाटणी फार आधीपासून केली आहे: होड्या, घरं आणि कोरीव खांब लालचे, वल्ही पिवळ्याची, चिल्कत नावाच्या विणलेल्या पांघरुणांच्या धाग्यात डोंगरी बकऱ्याच्या लोकरीबरोबर पिवळ्याची अंतरसाल.

आता मरणाकडे येतो, कारण माझ्या मते दोघांमधला सगळ्यात महत्त्वाचा फरक तिथे आहे. आग्नेय अलास्कात 19 व्या शतकाच्या अखेरीपासून पिवळे सीडर मोठ्या संख्येनं मरत आले आहेत. अलास्का आणि ब्रिटिश कोलंबिया मिळून सुमारे 4 लाख हेक्टरांवर ही मर पसरली आहे. बराच काळ कीड किंवा रोग शोधण्यात गेला. अमेरिकी वनसेवेच्या पॉल हेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीनं काम करून जे दाखवलं ते चकित करणारं आहे: हवामान तापतंय म्हणून ही झाडं थंडीनं मरतायत. पाणथळ जमिनीत त्यांची मुळं अगदी वर असतात. पूर्वी वसंतापर्यंत बर्फाची जाड चादर त्यांच्यावर असायची. आता बर्फ कमी पडतो, लवकर वितळतो, झाडही लवकर जागं होतं, आणि मग एखादी कडाक्याची रात्र येते. मातीचं तापमान उणे 5 अंशांखाली गेलं की बारीक मुळं मरतात. शेंडा सुकलेला दिसतो तो नंतर, उन्हाळ्यात, म्हणूनच कारण सापडायला इतका वेळ लागला. मेलेली झाडं 80 ते 100 वर्षं उभी राहतात आणि त्यांचं लाकूडही बराच काळ कामाचं राहतं.

लाल सीडरचं संकट उलट बाजूनं येतंय. गेल्या दशकभरात ऑरेगन, वॉशिंग्टन आणि व्हँकुव्हर बेटाच्या पूर्व भागात त्याचे शेंडे वाळू लागले आहेत, पालवी विरळ होते आहे. इथे दोष कोरड्या, तापलेल्या उन्हाळ्यांचा. त्यात हरणांची भर: ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यापलीकडच्या हैदा ग्वाय बेटांवर 19 व्या शतकाच्या अखेरीस माणसांनी हरणं आणून सोडली, तिथे लांडगे नाहीत, आणि लाल सीडरची कोवळी रोपं हे हरणांचं आवडतं खाणं. त्यामुळे रोपांभोवती प्लॅस्टिकच्या नळ्या बसवाव्या लागतात. पालवीत हरणांना न आवडणारी रसायनं जास्त असलेले वाण निवडण्याचं कामही ब्रिटिश कोलंबियात झालं आहे, आणि मला ते नळ्यांपेक्षा कितीतरी आशादायक वाटतं.

म्हणून ‘कुठलाही सीडर लावा’ असं म्हणून चालत नाही. लालला सखल, ओलावा टिकणाऱ्या, उत्तराभिमुख जागा द्याव्यात. जिथे ऐन उन्हाळ्यात माती वाळते तिथे त्याचा हट्ट सोडावा. पिवळ्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. त्याला वाचवायचं तर निचऱ्याच्या, खोल मातीत लावायला हवं, जिथे मुळं गारठ्याच्या पल्ल्याखाली जातील. पण अशा चांगल्या जमिनीवर हेमलॉक आणि सिट्का स्प्रूस त्याला सहज मागे टाकतात. मग लागवडीनंतर वर्षानुवर्षं विरळणी करत, शेजारची झाडं काढत त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवावी लागते. हजार वर्षं कुणाच्या मदतीशिवाय जगलेलं झाड आता माणसाच्या कोयत्यावर अवलंबून आहे, आणि अलास्कातल्या वनव्यवस्थापकांनी हा मार्ग विचारपूर्वक स्वीकारला आहे.