फिल्म सोसायटी

सभासदांपुरते, नफ्याचा हेतू न ठेवता चित्रपटांचे खेळ करणारी संस्था. ‘चित्रपट मंडळ’, ‘फिल्म क्लब’ ही नावेही रूढ आहेत. स्वतःचे प्रेक्षागृह क्वचितच असते. वस्तीतले एखादे चित्रपटगृह नेहमीच्या खेळांआधी, बहुधा रविवारी सकाळी, भाड्याने घेतले जाई. प्रवेश तिकिटावर नसून वर्गणीवर असतो.

या प्रथेचा आरंभ कोठे झाला याविषयी एकमत नाही. फ्रेंच अभ्यासक तो पॅरिसच्या ‘सिने-क्लब’ चळवळीत मानतात. फ्रेंच समीक्षक लुई देल्युकने 1920 मध्ये त्याच नावाचे नियतकालिक काढले आणि 1921 मध्ये खास खेळही योजला. त्याआधी, 1907 च्या सुमारास एदमों बेनुआ-लेव्ही याने हे नाव वापरले होते. मात्र त्याची संस्था चित्रपट-व्यवसायाशी निगडित होती, त्यामुळे तिला पूर्वज म्हणणे काहीसे ओढूनताणून होते. सभासदांसाठी, व्यावसायिक चित्रपटगृहात, हंगामभर नियमित खेळ हा निकष लावल्यास लंडनच्या ‘द फिल्म सोसायटी’चा दावा अधिक भक्कम ठरतो. आयव्हर मॉन्टेग्यू, आयरिस बॅरी आदींच्या या संस्थेचा पहिला खेळ 25 ऑक्टोबर 1925 रोजी, रविवारी, रीजंट स्ट्रीटवरील ‘न्यू गॅलरी किनेमा’त झाला. ब्रिटनमध्ये बंदी असलेला ‘बॅटलशिप पोटेमकिन’ हा सोव्हिएत चित्रपट तिने 10 नोव्हेंबर 1929 रोजी सभासदांना दाखवला. पॅरिसमध्ये तोच चित्रपट ‘स्पार्टाकसचे मित्र’ या लेओं मूसिनाकप्रणीत मंडळाने 1928 मध्ये ग्रनेल या कामगारवस्तीतील ‘कॅसिनो द ग्रनेल’मध्ये दाखवला होता. या मंडळाच्या सभासदसंख्येचे आकडे दहा हजारांपासून कित्येक पटींनी वर जातात. ते जपूनच घ्यावेत. पोलीसप्रमुखांच्या दबावामुळे काही महिन्यांतच हे मंडळ बंद पडले. चित्रपटाची आवड सर्वत्रच होती. सोसायटीला तिचे विशिष्ट रूप दिले ते सेन्सॉरने, असे मानण्यास यावरून आधार मिळतो.

कायद्याचा आणि फिल्मच्या रसायनाचाही येथे संबंध येतो. 35 मिमी. फिल्म पूर्वी ज्वालाग्राही नायट्रेटची असे. तिच्यासाठी अग्निरोधक केबिन व परवाना लागे. ब्रिटनचा 1909 चा कायदा मुळात आगीपासूनच्या सुरक्षेचा. स्थानिक परिषदांनी परवान्याच्या अटींतून त्याचा उपयोग चित्रपटांच्या आशयावर नियंत्रण ठेवण्यासाठी केला. 1923 मध्ये आलेली 16 मिमी. फिल्म सुरक्षित द्रव्याची असल्याने शाळेत वा सभागृहातही दाखवता येई. तरीही चित्र व ध्वनी यांच्या दर्जासाठी सोसायट्या 35 मिमी.लाच पसंती देत आणि चित्रपटगृहाची गरज उरे. बोलपटाची 35 मिमी. फिल्म मिनिटाला 90 फूट धावते, म्हणजे हजार फुटी रीळ अकरा मिनिटांत संपते. रीळ संपत आल्यावर चित्रचौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका दिसला की ऑपरेटरने पुढचे रीळ लावलेले दुसरे यंत्र चालू करायचे. अनेक हातांतून गेलेल्या प्रिंटांत रिळाचे शेवट तुटून ठिपकेच नाहीसे झालेले असत. अशा वेळी सारी भिस्त ऑपरेटरच्या अंदाजावर.

भारतात मुंबईची ‘अमॅच्युअर सिने सोसायटी’ (1937) आणि ‘बॉम्बे फिल्म सोसायटी’ (1942 च्या सुमारास) या आधीच्या; तथापि चळवळीची सुरुवात सहसा ‘कलकत्ता फिल्म सोसायटी’पासून (1947) धरतात. सत्यजित राय व चिदानंद दासगुप्ता हे तिचे संस्थापक. तिच्या पहिल्या खेळालाही ‘पोटेमकिन’च होता. मुंबईसह चार शहरांत झालेल्या 1952 च्या आंतरराष्ट्रीय महोत्सवानंतर सोसायट्या वाढल्या आणि 1959 मध्ये त्यांचा महासंघ स्थापन झाला. राय त्याचे पहिले अध्यक्ष होते. 1952 च्या चलच्चित्र अधिनियमातील कलम 9 अन्वये केंद्र सरकार त्या अधिनियमाच्या तरतुदींतून सूट देऊ शकते. सेन्सॉर न झालेले परदेशी चित्रपट सभासदांना पाहता आले ते अशा सवलतीमुळे. याचा दुसरा परिणाम असा की काही जण केवळ ‘न कापलेले’ चित्रपट पाहण्यासाठी वर्गणी भरत. चळवळीच्या इतिहासात याला फारशी जागा मिळत नाही, पण वर्गणीदार वाढण्याचे ते एक खरे कारण होते.

महाराष्ट्रात मुंबईचे ‘प्रभात चित्र मंडळ’ (1968) विशेष उल्लेखनीय. सुधीर नांदगावकर हे त्याच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी होते. ‘वास्तव रूपवाणी’ हे मंडळाचे नियतकालिक. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (1964) असल्याने जागतिक अभिजात चित्रपटांच्या प्रिंटा सोसायट्यांना मिळू लागल्या आणि रसास्वाद शिबिरांनाही चालना मिळाली. व्हिडिओ व पुढे डीव्हीडी आल्यावर प्रिंटांची अडचण सुटली. पण त्याच सोयीने सभासद घरी बसले आणि एकपडदा चित्रपटगृहेही एकेक बंद होत गेली.