पार्श्वभूमी: क्रांतिक बिंदूजवळ द्रवमिश्रणाची विद्युतवाहकता

फिनॉल-पाण्याचे क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर दोन्ही द्रव पूर्ण मिसळतात ते तापमान, काढणे हे बडोद्यातल्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना पाठ असलेले प्रॅक्टिकल. गढूळ मिश्रण ६६ अंशांच्या आसपास नितळ झाले की आकडा टिपायचा. त्याच नळीत दोन इलेक्ट्रोड सोडले तर काय दिसेल, याचे नेमके उत्तर मिळायला मात्र १९७० चे दशक उजाडावे लागले.

क्रांतिक बिंदूच्या अभ्यासाची सुरुवात वायूंपासून झाली: १८२२ मध्ये कान्यार द ला तूर, १८६९ मध्ये अँड्र्यूज. द्रवांच्या जोड्यांकडे लक्ष नंतर गेले. १९०१ मध्ये फ्रीडलेंडरने आयसोब्युटिरिक आम्ल आणि पाणी घेऊन क्रांतिक बिंदूजवळचा दुधाळपणा आणि वाढती श्यानता (द्रवाचा घट्टपणा) तपासली. वाहकतेसाठीही पुढे हीच जोडी लाडकी ठरली. फिनॉल इतके दुबळे आम्ल की शुद्ध मिश्रणातून प्रवाह जेमतेम जातो, आणि मीठ घालावे तर क्रांतिक तापमानच वर सरकते. आयसोब्युटिरिक आम्ल स्वतःच आयन पुरवते. क्रांतिक बिंदू वजनाने ३८-३९ टक्के आम्लाला, सुमारे २६ अंशांवर. खवट लोण्याचा वास तेवढा सोसायचा.

१९७० च्या दशकात अनेक गटांनी अचूक मोजमापे केली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ई. एस. आर. गोपाल यांचा गट त्यांपैकीच. बिंदूपाशी वाहकता शून्य होत नाही की अनंतालाही जात नाही. बदलतो तो तिचा उतार, आणि तोही हळूच: बिंदूजवळ उष्माधारकता किती वेगाने वाढते हे सांगणारा घातांक (सुमारे ०.११) इथेही लागू पडतो, असा सिद्धांत. श्यानता आणि आम्लाचे आयनीभवन तापमानाबरोबर बदलतातच. ती पार्श्वभूमी नीट वजा केली नाही तर हवा तो घातांक काढता येतो. जुन्या निष्कर्षांत मेळ नव्हता, त्याचे बरेचसे मूळ इथे आहे.

बाकी अडचणी हाताच्या आहेत. डीसी प्रवाहाने इलेक्ट्रोडचे ध्रुवीभवन होते (त्यांच्यापाशी आयन साचतात आणि आकडा बिघडतो), म्हणून एसी ब्रिज (एसी प्रवाहाने रोध मोजणारे मंडल), तोही दोन-तीन वारंवारतांवर. सेल (मिश्रण आणि इलेक्ट्रोड असलेली नळी) काच वितळवून बंद करावा; ग्रीस मिश्रणात उतरते आणि तापमान सरकवते. बिंदूखाली दोन थर पडले की इलेक्ट्रोड नेमके कोणत्या थरात आहेत हे पाहिल्याशिवाय आकडा निरर्थक. सेल ज्यात बुडवतात तो पाण्याचा बाथ मिलिकेल्विनपर्यंत (अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत) स्थिर हवा. बडोद्यात जानेवारीत त्याला हीटर पुरतो. मे महिन्यात खोलीच २६ अंशांच्या बरीच वर असते, तेव्हा गार पाण्याची कॉइल सतत चालू ठेवून त्यावर हीटरने नियंत्रण करावे लागते.