झूम जास्त म्हणजे स्कोप भारी? अजिबात नाही

येरळवाडी तलावावर थंडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला आलेली पोरं स्पॉटिंग स्कोपबद्दल, म्हणजे ट्रायपॉडवर लावून लांबचे पक्षी बघायच्या एका नळीच्या दुर्बिणीबद्दल, दरवर्षी हेच विचारतात, "दादा, स्वस्तातला साठ पटीचा घेऊ ना, लांबचं दिसेल?" जितका झूम जास्त तितकं चांगलं, हा समज लई वर्षं फिरतोय आणि त्यापायी लोकांचे पैसे वाया जातात, म्हणून लिहितोय.

हिशोब सोपा आहे, समोरच्या काचेचा व्यास भागिले झूम. ६० मिमीची काच २० पटीवर ठेवली की डोळ्याकडं ३ मिमीचा प्रकाशाचा गोल येतो, तीच ६० पटीवर नेली की फक्त १ मिमी, म्हणजे चित्र अंधारं आणि पुसट. त्यात दहा वाजले की पाण्यावरची हवा तापून लहरायला लागते, मग झूम वाढवला की पक्ष्याबरोबर ती लहरपण मोठी होते. मी पट्टकादंब (एक रानहंस) बघत होतो, २० पटीवर डोक्यामागचे दोन काळे पट्टे स्वच्छ मोजता आले, ६० वर नेलं तर नुसता करडा गोळा थरथरत होता!

बजेट कमी असेल तर ६० किंवा ६५ मिमी काचेचा, २० पटीपासून सुरू होणारा घ्या आणि उरलेले पैसे ट्रायपॉडवर घाला, तो खरंच दणकट पाहिजे, कारण आपल्या माळावरचं वारं हलक्या ट्रायपॉडला टिकू देत नाही. आणि घेण्याआधी दुकानाबाहेर उन्हात लांबची पाटी वाचून बघाच.